ध्वनीच्या आत शिरलेलं शतक

देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, राजा सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी राज्याचं हिशेबखातं सांभाळत होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबांच्या वेळी दक्षिणेत येऊन स्थिरावलेलं. तेराव्या शतकात त्यानं ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला आणि त्याच्या तालाध्यायात 120 देशी तालांची यादी दिली. सुमारे सातशे वर्षांनी ही यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली आणि पॅरिसमधल्या ओलिव्हिए मेसियाँ या तरुण संगीतकाराच्या हाती लागली. 15 जानेवारी 1941 रोजी ग्यॉर्लिट्झच्या जर्मन युद्धकैदी छावणीत, कडाक्याच्या थंडीत, त्याची काळाच्या अंतावरची चौघा वादकांसाठीची रचना पहिल्यांदा वाजली. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो. कैद्यांमध्ये जे वाजवणारे होते त्यांच्यावर ही निवड ठरली. पियानोवर मेसियाँ स्वतः बसला होता. पहिल्याच भागात पियानोच्या वाट्याला जी लय आहे ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या शार्ङ्गदेवाच्या तीन तालांची जोडून केलेली माळ आहे.

त्या मैफलीभोवती पुढे दंतकथा जमल्या. पाच हजार कैदी ऐकत होते, चेलोला तीनच तारा होत्या, असं मेसियाँ सांगत असे. बराकीत काहीशेच माणसं मावत होती, आणि चेलो वाजवणाऱ्या पास्कियेनं आपल्या चेलोला चारही तारा होत्या असं ठामपणे सांगितलं. मला या दंतकथांपेक्षा त्या लयीची रचना जास्त विलक्षण वाटते. लयीच्या माळेत 17 कालमूल्यं आहेत, तर तिच्यावर फिरणारी स्वरगुच्छांची साखळी 29 गुच्छांची आहे. दोन्ही संख्या अविभाज्य. दोन्ही माळा पुन्हा एकदम सुरुवातीच्या मण्यावर यायच्या तर 493 आघात व्हायला हवेत, आणि रचनेचा हा भाग त्याच्या कितीतरी आधी थांबतो. आपला श्रोता लगेच विचारेल, सम कुठे आहे? सम ऐकू येण्याआधीच संगीत संपतं आणि ते तसंच योजलेलं आहे. काळ मोजता येऊ नये, एवढंच त्या श्रद्धाळू कॅथलिक माणसाला साधायचं होतं.

शार्ङ्गदेवाचे ताल लघू, गुरू, प्लुत अशा मापांत लिहिलेले आहेत. मेसियाँला कागदावरून ती मापं मिळाली. ठेका, टाळी, खाली, आवर्तन पूर्ण होताना श्रोत्याची हलणारी मान, यांतलं काहीच मिळालं नाही. हे ज्ञान अपुरं होतं, आणि त्या अपुरेपणातूनच त्याच्या हाती नवं हत्यार आलं: स्वराशी न बांधलेला, स्वतंत्रपणे रचता येणारा काळ. 1949 साली त्यानं पियानोसाठी एक छोटी रचना केली. तिच्यात 36 स्वर, 24 कालमूल्यं, 12 तऱ्हांचे आघात आणि 7 तऱ्हांचे लहानमोठे आवाज आधीच ठरवून घेतलेले आहेत. संगीताचा एकेक गुण सुटा करून मांडण्याची ही पद्धत श्टोकहाउझेननं 1951 साली डार्मश्टाटच्या उन्हाळी वर्गात ध्वनिमुद्रिकेवर ऐकली, आणि पुढच्याच वर्षी तो मेसियाँच्या वर्गात येऊन बसला. बूलेझ आणि झेनाकिस हेही त्याच वर्गातून गेले. युद्धोत्तर युरोपचं पुष्कळसं धाडसी संगीत या तिघांच्या अवतीभवती घडलं.

मराठी वाचकाला विसाव्या शतकातल्या या प्रयोगशील संगीतात नेताना देवगिरीच्या वाटेनं नेण्याचं कारण अभिमान हे नाही. ‘हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच’ या वाक्याची मला धास्ती वाटते. ते उच्चारलं की ऐकणं थांबतं. ही वाट निवडली कारण या शतकाचा इतिहास सहसा मोडतोडीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी सुरावट मोडली, मग लय, मग वाद्यं, शेवटी संगीतच. तो तसा सांगितला की वाचक कुंपणावरून तमाशा पाहिल्यासारखा बाहेरच उभा राहतो. मला या पुस्तकात वेगळी गोष्ट सांगायची आहे. 1900 साली युरोपीय रचनाकाराची सर्वांत लहान वीट म्हणजे कागदावर लिहिलेला स्वर. 1975 पर्यंत ती वीट फुटून रचनाकार स्वराच्या आत पोचला होता: ध्वनीचा उगम, त्याचं टिकणं, विझणं, त्याच्या पोटातले सूक्ष्म स्वर. लक्ष कुठे लागलं आहे हे बदललं, म्हणून संगीत बदललं. तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेल्या कानाला हे समजणं अवघड नाही, पण त्याला काही जुन्या अपेक्षा थोडा वेळ बाजूला ठेवाव्या लागतात.

सुरुवात व्हिएन्नात झाली. युरोपीय संगीतात षड्ज आपल्यासारखा मैफलभर स्थिर नसतो, रचनेच्या ओघात तो जागा बदलतो आणि शेवटी घरी परततो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे स्थलांतर इतकं वाढलं होतं की घर नेमकं कोणतं हेच कळेनासं झालं. 1908 साली आर्नॉल्ड शोनबर्गनं दुसऱ्या चतुर्वाद्य रचनेच्या शेवटच्या भागात घर सोडूनच दिलं. षड्ज नाही, म्हणून विसंवादही नाही, कारण विसंवाद म्हणायचा तो कशाच्या संदर्भात? पुढे 1920 नंतर त्यानं सप्तकातले बाराही स्वर समान मानणारी पद्धत बांधली. एका ठरावीक क्रमानं बारा स्वर येतात आणि कुणालाही राजेपद मिळत नाही.

शोनबर्ग घर सोडत होता त्याच सुमारास सांगलीत उलट दिशेचं काम चालू होतं. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल 22 श्रुतींची मोजणी करत होते आणि त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मदतीला होता. देवलांचं पुस्तक 1910 साली निघालं. व्हिएन्नात बारा स्वर सारखे केले जात होते, सांगलीत बारा स्वर पुरत नाहीत असं सिद्ध केलं जात होतं. या दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण पियानोच्या बारा पट्ट्यांनी आखून दिलेलं सप्तक हाच अखेरचा शब्द मानायचा का, हा प्रश्न दोन्हीकडे होता. पुढे अमेरिकेत हॅरी पार्चनं सप्तकाचे 43 भाग करून त्यासाठी नवी वाद्यंच घडवली. तो देवलांच्या जास्त जवळचा आहे, असं मला वाटतं.

1913 सालच्या दोन दंग्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. 31 मार्चला व्हिएन्नात शोनबर्गनं चालवलेल्या मैफलीत हाणामारी होऊन पोलीस आले. 29 मे रोजी पॅरिसमध्ये स्ट्राव्हिन्स्कीच्या वसंतविधीच्या बॅलेला हुर्यो उडाली. दुसऱ्या प्रसंगात निजिन्स्कीच्या नृत्यरचनेचा वाटा संगीताइतकाच होता, आणि पुढच्याच वर्षी तेच संगीत नृत्याशिवाय वाजलं तेव्हा पॅरिसनं ते डोक्यावर घेतलं. दंगा हा नवेपणाचा पुरावा नाही. त्याच वर्षी इटलीत लुईजी रुसोलो या चित्रकारानं गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला आणि घरघरणारी, किंचाळणारी, गडगडणारी पेटीवजा यंत्रं बनवली, ही गोष्ट जास्त दूरवर गेली. ती यंत्रं दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. एडगार व्हारेझनं मात्र तो धागा उचलला. 1933 साली न्यूयॉर्कमध्ये वाजलेली त्याची ‘आयोनिझासियाँ’ ही रचना 13 तालवादकांसाठी आहे आणि तिच्यात भोंगेसुद्धा आहेत.

खरी उलथापालथ ध्वनिमुद्रणानं केली. आपल्याकडे 1902 साली गौहरजानचं गाणं तबकडीवर आलं तेव्हापासून तबकडी म्हणजे गाणं साठवण्याचं साधन. तीन मिनिटांत ख्याल बसवताना आपल्या गवयांनी काय काय गमावलं आणि कमावलं हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. पॅरिसच्या रेडिओवर काम करणाऱ्या प्येर शेफर या अभियंत्यानं 1948 साली तबकडीलाच वाद्य केलं. त्याच्या प्रयोगांतले दोन सांगतो. घंटेचा टोल ध्वनिमुद्रित करायचा, पण पहिला आघात वगळून मागचा नादच घ्यायचा. आघात काढल्याबरोबर घंटा घंटा राहिली नाही, ऐकणाऱ्याला ओबोसारखं सुषिर वाद्य ऐकू येऊ लागलं. म्हणजे वाद्याची ओळख स्वरात कमी आणि ध्वनीच्या जन्मक्षणात जास्त असते. दुसरा प्रयोग: तबकडीची एक खाच बंद वर्तुळ केली की सुई तिथेच फिरत राहते आणि कोणताही तुकडा, खोकलासुद्धा, आवर्तनात येतो. पुन:पुन्हा ऐकताना तो खोकला कुणाचा हे आपण विसरतो आणि त्याचा पोत, चढउतार, वजन ऐकू लागतो.

या दोन प्रयोगांत शतकाची अर्धी गोष्ट आहे. शेफरनं बातिन्योलच्या रेल्वेस्थानकात इंजिनांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांची तीनेक मिनिटांची रचना 5 ऑक्टोबर 1948 रोजी रेडिओवर वाजवली. आज दिवाणखान्यातल्या मोबाइलवर कुणीही आवाज कापतं, जोडतं, उलटा करतं. तेव्हा हे चार तबकड्या हातानं फिरवून केलं जात होतं. शेफरच्याही चार वर्षं आधी, 1944 साली, कैरोत हलीम अल-दब्बनं तारेवर मुद्रण करणारं यंत्र घेऊन झार या विधीतल्या बायकांचे आवाज टिपले आणि त्यांचे मूळ स्वर गाळून उरलेल्या प्रतिध्वनींची रचना केली. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव उशिरा आलं. असंच लंडनच्या बीबीसीत 1958 साली ध्वनिकार्यशाळा सुरू करून घेणाऱ्या डॅफ्नी ओरमचं झालं. फिल्मवर रेषा रंगवून त्यांतून आवाज काढणारं यंत्र तिनं पुढे उभं केलं. या पुस्तकात तिच्यावर एक मोठं प्रकरण आहे, कारण मला ती या शतकातल्या पहिल्या पंक्तीतली वाटते.

अमेरिकन रचनाकार जॉन केजविषयी सगळ्यांना एकच ठाऊक असतं: 29 ऑगस्ट 1952 रोजी वुडस्टॉकजवळ डेव्हिड ट्यूडर हा वादक पियानोसमोर बसला आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद त्यानं काहीच वाजवलं नाही. यावर हसणं सोपं आहे. पण त्या आधीची सहा वर्षं पाहिली तर हसू ओसरतं. 1946 साली अहमदाबादची गीता साराभाई न्यूयॉर्कला आली. पखवाज शिकलेली ही तरुण मुलगी, आपल्या संगीतावर पाश्चात्त्य संगीताचं जे आक्रमण होतंय ते नीट समजून घ्यावं म्हणून आलेली. केजनं तिला पाश्चात्त्य स्वररचना शिकवली, तिनं त्याला भारतीय संगीत. पैशाचा व्यवहार नव्हता. संगीत कशासाठी, या त्याच्या प्रश्नाला तिनं आपल्या गुरूचं उत्तर सांगितलं: मन निवळावं, शांत व्हावं आणि दैवी स्पर्शाला मोकळं व्हावं म्हणून. संगीत म्हणजे भावना पोचवणं ही कल्पना त्याला आधीच जाचत होती. आता त्याला दुसरी जागा सापडली. नंतरच्या दोन वर्षांत त्यानं पियानोच्या तारांत स्क्रू, बोल्ट आणि रबराचे तुकडे खोचून 20 छोट्या रचना केल्या. स्थायी भाव आणि त्या सर्वांचा कल शांत रसाकडे, ही त्यांमागची योजना. पियानोतून घुंगरू, लाकूड आणि दबलेला ढोल ऐकू येतो. 1951 साली हार्वर्डच्या निर्नाद खोलीत त्याला दोन आवाज ऐकू आले, एक उंच आणि एक खोल. उंच आवाज मज्जासंस्थेचा आणि खोल आवाज रक्ताभिसरणाचा, असं तिथल्या अभियंत्यानं त्याला सांगितलं. निखळ शांतता नसतेच, हे त्यानं तिथून घेतलं. वुडस्टॉकला छपरावर पाऊस पडला, लोक कुजबुजले, काही उठून गेले. तेच त्या संध्याकाळचं संगीत होतं. मला ही रचना ऐकण्याची शिस्त म्हणून फार मोलाची वाटते. वारंवार वाजवण्याजोगी मात्र ती नाही, आणि तिच्या नकला तर मुळीच नाहीत.

या पुस्तकाचा सर्वांत लांब भाग एका सलग धरलेल्या स्वराचा आहे. ला माँट यंग या अमेरिकन रचनाकारानं पन्नाशीच्या दशकात अली अकबर खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि त्याला सर्वांत जास्त ओढ लागली ती तंबोऱ्याची. 1958 सालच्या त्याच्या तंतुवाद्यांच्या रचनेत एकेक स्वर मिनिटमिनिटभर उभा राहतो. 1970 साली पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला पोचले आणि यंग, मारियन झझीला, टेरी रायली त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. ज्या घराण्याची दुसरी शाखा अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत रुजवली, जिच्यातून सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी आपल्यापर्यंत आले, त्याच घराण्याची संथ, एकेका स्वरावर जीव ओतणारी बढत न्यूयॉर्कच्या प्रयोगशील संगीताच्या पायाशी आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसलेल्या श्रोत्याला यंगच्या संगीतात परकं वाटू नये. फरक मोठाच आहे: आपल्याकडे आधारस्वरावर राग उभा राहतो, तिथे आधारस्वरच रचना होतो आणि बाकी काही येतच नाही. अंगाला कंटाळा येतो, मग तो ओसरतो, मग एकाच वाटणाऱ्या आवाजात हालचाल दिसू लागते.

ही हालचाल म्हणजे काय, ते मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पंढरपूरकडचा भोपळा, त्यावर घोडी, घोडीवर तार आणि मधे सुताचा बारीक धागा. धागा केसभर सरकवला की जवारी उघडते, तारेचा आवाज उमलतो आणि खर्जाच्या तारेतून, कुणी छेडलेला नसताना, गंधार ऐकू येतो. स्वयंभू गंधार. तो भास नसतो. खर्जाच्या पाचपट कंपनांचा स्वर त्या ध्वनीत असतोच, जवारी तो वर आणते. 1975 साली पॅरिसच्या झेरार ग्रीझेनं ‘पार्सिएल’ ही 18 वादकांची रचना केली. ट्रोंबोनचा एक खोल स्वर यंत्रानं तपासून त्याच्या पोटात कोणते उपस्वर केव्हा आणि किती जोरानं येतात ते पाहायचं आणि प्रत्येक उपस्वर एकेका वाद्याला द्यायचा. आधी ट्रोंबोन वाजतो, मागून सगळा वाद्यवृंद तोच आवाज मोठा करून उलगडतो. ग्रीझेला तंबोऱ्यातून हे सुचलं असं मी म्हणत नाही. तो प्रयोगशाळेच्या वाटेनं तिथे गेला. पण शोनबर्गनं षड्ज सोडल्यावर सदुसष्ट वर्षांनी युरोपीय संगीत एका आधारस्वराच्या आत शिरून बसलं, हे वळण मला या शतकातलं सर्वांत सुंदर वळण वाटतं.

स्टीव्ह राइक आणि फिलिप ग्लास या अमेरिकन रचनाकारांविषयी इथे थोडक्यात, कारण त्यांच्यावर बाहेर विपुल लिहिलेलं आहे. राइकनं 1965 साली रस्त्यावरच्या एका धर्मोपदेशकाच्या वाक्याचा तुकडा दोन टेपयंत्रांवर एकदम लावला. यंत्रांची गती किंचित वेगळी असल्यानं दोन्ही तुकडे हळूहळू एकमेकांपासून सरकले आणि मधल्या फटींतून नव्या लयी निघाल्या. ग्लास पॅरिसमध्ये रविशंकरांच्या चित्रपटसंगीताची स्वरलिपी लिहून देत होता आणि मात्रांचे गट कसे बांधायचे हे त्याला जमेना. तिथे अल्लारखाँच्या सांगण्यातून त्याला लयीचा नवा हिशेब कळला. 1980 साली रॉटरडॅमला सादर झालेल्या त्याच्या ‘सत्याग्रह’ या ऑपेरात गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याचे प्रसंग आहेत आणि गायली जाते ती भगवद्गीता, संस्कृतात.

मग भारतात राहून कुणी या वाटेनं गेलं का? गेलं. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडरनं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला. यामागेही गीता साराभाईंची ओळख होतीच. पुढची तीनेक वर्षं अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा अशा मंडळींनी तिथे रचना केल्या. नंतर काम थांबलं आणि टेप कपाटात गेल्या. त्यांतल्या निवडक रचना लोकांसमोर यायला 2023 उजाडलं. मुंबईत चरणजितसिंग या सिनेवादकानं 1982 साली दहा राग रोलंडच्या यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. ती तबकडी खपली नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली तेव्हा शिकागोच्या अॅसिड हाउस संगीताशी तिचं साम्य ऐकून जगभरचे लोक थक्क झाले, कारण ते संगीत तिच्यानंतर पाचेक वर्षांनी जन्मलं होतं. हे दोन्ही प्रयत्न एकाकी राहिले याचं मला दुःख आहे. एकीकडे श्रोते नव्हते, दुसरीकडे टीकाकार नव्हते, आणि मुंबईत ज्यांच्या हाती यंत्रं होती त्यांचा सगळा वेळ सिनेमानं विकत घेतलेला होता. मराठीत भास्कर चंदावरकर, अशोक दा. रानडे यांनी जगाच्या संगीताकडे पाहण्याची सवय लावायचा प्रयत्न केला. पुढे लिहिणारे विरळ झाले.

जॅझ आणि हिपहॉप या पुस्तकात जवळजवळ नाहीत. 1960 सालच्या ऑर्नेट कोलमनला किंवा ब्राँक्समध्ये दोन तबकड्यांवर तालाचा तुकडा लांबवणाऱ्या कूल हर्कला वगळून शतकाचा इतिहास पूर्ण होत नाही. पण त्या संगीतामागे कृष्णवर्णीय अमेरिकेचं जे जगणं आहे ते दोन-चार पानांत उरकणं मला पटलं नाही.

प्रकरणं सनावळीनं लावलेली आहेत, तरी वाचताना तो क्रम पाळायलाच हवा असं नाही. लयीत रमणाऱ्यानं राइकची 1971 सालची ‘ड्रमिंग’ आधी ऐकावी, घानात ढोल शिकून आल्यावर त्यानं ती केली. आलापाची गोडी असेल तर प्राणनाथांचं गाणं, मग यंग, मग एलियान रादिगच्या सिंथेसायझरवरच्या दीर्घ रचना. कुतूहल असेल आणि वेळ थोडा असेल तर शेफरची रेल्वे. शोनबर्ग शेवटी ठेवला तरी चालेल. त्याच्याकडे कान तयार झाल्यावर गेलेलं बरं. ‘पार्सिएल’ मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. तिचे खालचे स्वर त्यातून येतच नाहीत, आणि खालचा स्वर हरवला की वरच्या सगळ्या उपस्वरांचं नातं तुटतं. चांगला हेडफोन घ्यावा, आणि घरात तंबोरा असेल तर आधी पाच मिनिटं तो जुळवून छेडावा.